खिशातली तार

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. ज्या शहाण्यानं ही म्हण काढली, तो एकदा तरी ती पायरी चढून, खिसा हलका करून खाली उतरलेला असणार याबद्दल मला शंका नाही. अनुभव घेतल्याशिवाय इतकं ठाम बोलता येत नाही. पण या म्हणीत एक गोम आहे. ती पायरी रोज चढणारा, चढून वर पोट भरणारा आणि गावात शहाणा म्हणूनच ओळखला जाणारा जो प्राणी, म्हणजे वकील, त्यानं काय करावं हे ती सांगत नाही.

वकिलाबद्दल आपलं मत साधारण ठरलेलं असतं. समोरच्याचा वकील लबाड आणि आपला वकील हुशार. पुढे हे दोघं दुपारच्या सुट्टीत एकाच बाकावर बसून एकाच बशीतली भजी खाताना दिसले, की आपल्या पोटात कालवाकालव होते. सकाळी ज्याच्यावर आपला वकील वाघासारखा तुटून पडला, त्याच्याच चहाचे पैसे तो देतोय! मग फी नक्की कशाची घेतली, भांडायची की भजी खायची?

वकिलीतला नीतीचा प्रश्नही असाच ठरलेला आहे. ‘अशिलानं गुन्हा केला हे ठाऊक असताना वकिलानं त्याची बाजू मांडावी काय?’ गेल्या शंभर वर्षांत या विषयावर कॉलेजांतून इतक्या वादविवाद स्पर्धा झाल्या आहेत, की तेवढ्या पितळी चषकांत एक घंटा ओतून झाली असती. पण खुद्द धंद्यानं याचं उत्तर केव्हाच देऊन टाकलं आहे. आपल्या बार कौन्सिलच्या नियमांत तर साफच लिहिलंय, की आरोपीच्या अपराधाबद्दल वकिलाचं स्वतःचं मत काहीही असो, बचाव त्यानं करायचा. अपराधी कोण ते ठरवायला सरकारनं न्यायाधीश पगार देऊन ठेवलाय; त्याचं काम वकिलानं परस्पर उरकू नये. मला हे पटतं. तेव्हा तो प्रश्न मी वादविवाद स्पर्धांसाठी ठेवून देतो.

मला छळणारा प्रश्न निराळा आहे. तो एका तारेचा आहे.

ही गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. एक वकील कोर्टात उलटतपासणी घेत उभे असतात. इतक्यात कुणीतरी त्यांच्या हातात तार आणून देतं. वकील तार वाचतात, घडी घालून खिशात ठेवतात आणि साक्षीदाराला पुढचा प्रश्न विचारतात. कोर्ट उठल्यावर लोकांना कळतं, की तारेत त्यांच्या पत्नीच्या निधनाची बातमी होती. ते वकील म्हणजे वल्लभभाई पटेल. मग गुरुजी फळ्यावर खडूनं लिहितात, ‘तात्पर्य : कर्तव्य श्रेष्ठ.’ आपण ते वहीत उतरवून घेतो आणि घंटा होते.

पुढची चाळीसपन्नास वर्षं आपण हे तात्पर्य सांभाळतो. पण त्याला उलटं करून, मागून शिवण कशी आहे हे काही बघत नाही. लुगडं घेताना आपण बघतोच ना? मग तात्पर्यानंच काय घोडं मारलंय?

पहिली गोष्ट अशी, की त्या दिवशी ते सरदार नव्हते. तारीख होती ११ जानेवारी १९०९. सरदारकी मिळायला बार्डोलीचं १९२८ साल उजाडावं लागलं. त्या दिवशी ते खेडा जिल्ह्यातल्या बोरसद नावाच्या तालुक्याच्या गावचे एक वकील होते, बस्स. वय तेहतीस. तेव्हा हा सगळा मुलूख आपल्या मुंबई इलाख्यातच होता आणि तिथलं अपीलही मुंबईच्या हायकोर्टात यायचं. म्हणजे आपल्या साताऱ्याला किंवा जळगावला जसे वकील होते, तसेच हे एक.

ही वकिलीसुद्धा सरळ हाती लागलेली नव्हती. मॅट्रिक झाले तेच मुळी १८९७ साली, बाविसाव्या वर्षी. आज या वयाचा मुलगा इंजिनियर होऊन हिंजवडीत चिकटलेला असतो आणि फ्लॅटचे हप्ते मोजत असतो. विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हायची इच्छा मोठी, पण पैसा नाही. तेव्हा दुसऱ्यांची पुस्तकं मागून आणून अभ्यास केला आणि १९०० साली डिस्ट्रिक्ट प्लीडरची परीक्षा पास झाले. डिस्ट्रिक्ट प्लीडर म्हणजे जिल्ह्याच्या कोर्टापुरता वकील. बॅरिस्टरच्या पुढे तो म्हणजे मेल गाडीपुढे पॅसेंजर. गोध्र्याला दुकान मांडलं, तिथून दोन वर्षांत बोरसदला आले.

बोरसदला फौजदारी कामाला तोटा नव्हता. वल्लभभाईंचा हातखंडा आरोपीच्या बचावात. त्यांचे आरोपी इतके सुटायला लागले, की वैतागून सरकारनं मॅजिस्ट्रेटचं कोर्टच बोरसदहून आणंदला हलवलं, असं त्यांच्या चरित्रांत वाचायला मिळतं. वल्लभभाईंनीही बिछाना गुंडाळला आणि आणंदला गेले. तिथंही आरोपी सुटतच राहिले, तेव्हा सरकारनं कोर्ट मुकाट्यानं बोरसदला परत आणलं म्हणे. एका प्लीडराच्या भीतीनं कोर्टाला दोनदा घर बदलावं लागल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. भाडेकरूला घाबरून मालकानं घर बदलल्याची उदाहरणं आमच्या गल्लीत आहेत, पण ती निराळी.

हा माणूस काळजाचा दगड होता म्हणावं, तर विलायतेची गोष्ट आडवी येते. पैपैसा साठवून त्यांनी विलायतेच्या प्रवासाची तयारी केली. कागदपत्रं आली ती ‘व्ही. जे. पटेल’ या नावानं आणि पडली थोरल्या भावाच्या, विठ्ठलभाईंच्या हाती. त्यांचंही नाव व्ही. जे. पटेलच! थोरले म्हणाले, धाकट्याच्या मागून थोरल्यानं जावं हे बरं दिसणार नाही, आधी मी जाऊन येतो. एवढ्यावरून आपल्याकडे दोन पिढ्या पुरेल असा दिवाणी दावा उभा राहिला असता. वल्लभभाईंनी कागद देऊन टाकले, वर खर्चही सोसला. विठ्ठलभाई १९०५ साली गेले. धाकट्याचा नंबर लागला १९१० साली. फौजदारीत सरकारला दमवणारा हा वकील घरच्या खटल्यात मात्र बाजू न मांडताच हरला.

अशा माणसाच्या हातात ती तार आली.

आता माझा पहिला प्रश्न. समजा, वल्लभभाई पुढे विलायतेला गेलेच नाहीत. गांधींची आणि त्यांची गाठच पडली नाही. खेड्याचा सत्याग्रह नाही, बार्डोली नाही, संस्थानांचं विलिनीकरण नाही. बोरसदलाच वकिली करून, दोन मजली घर बांधून ते म्हातारे झाले. मग या तारेची गोष्ट गावात कशी सांगितली गेली असती? मी सांगतो. ओट्यावर बसून एक म्हातारी दुसरीला म्हणाली असती, “बायको गेल्याची तार आली, तर मेल्यानं खिशात घातली! दगड आहे दगड.” आणि दुसरी म्हणाली असती, “फीचे पैसे बुडाले असते ना!”

कृत्य तेच, तार तीच, खिसाही तोच. माणूस पुढे मोठा झाला, म्हणून मागचं कृत्य निष्ठा ठरलं. तो झाला नसता तर तेच निष्ठुरपणा ठरलं असतं. पण १९०९ सालचं कृत्य चांगलं की वाईट, हे १९४७ साली ठरायचं असेल, तर माणसानं वागायचं कसं? उधारीवर? नीतीचा निकाल त्याच दिवशी, त्याच कोर्टात लागला पाहिजे. म्हणून मी सरदारांना बाजूला ठेवतो आणि बोरसदच्या प्लीडराचा खटला चालवतो.

पहिला आरोप असा, की त्यांना तारीख मागता आली असती. आपल्याकडे तारीख कशासाठी मिळत नाही? वकिलाचं डोकं दुखतं, तारीख. कारकुनाच्या मेव्हणीचं लग्न, तारीख. फाइल सापडत नाही, तारीख. सापडली म्हणून वाचायला वेळ हवा, पुन्हा तारीख. आजोबांनी घातलेल्या दाव्यात नातू तारखेला जातो आणि वारसा म्हणून आपल्याला शेत मिळालं की तारीख, हे त्याला कळत नाही. असल्या मुलखात पत्नी गेल्याची तार दाखवल्यावर कोणत्या न्यायाधीशानं नाही म्हटलं असतं? उलट त्यानंच उठून खांद्यावर हात ठेवला असता.

याला बचावाचं उत्तर आहे आणि ते कुणाही फौजदारी वकिलाला विचारा. उलटतपासणी अर्ध्यावर सोडता येत नाही. ते दुधासारखं आहे. उतू जाईपर्यंत समोर उभं राहावं लागतं. साक्षीदार एकदा गडबडला, घाम पुसायला लागला, की तिथून पुढची दहा मिनिटं खरी. मध्ये एक रात्र गेली की त्याला घरी समजावणारे भेटतात आणि दुसऱ्या दिवशी तो पढवलेला पोपट होऊन येतो. खटला खुनाचा होता असं सांगतात. म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात जो उभा होता, त्याची मान फासाच्या अंतरावर होती. तारखेनं वकिलाला रडायला सवड मिळाली असती, पण तिची किंमत दुसऱ्याच कुणाच्या मानेनं चुकती केली असती.

हे काम किती नाजूक, ते बघायचं तर दुसऱ्या एका गुजराती वकिलाकडे बघा. मोहनदास गांधी १८९१ साली बॅरिस्टर होऊन आले आणि मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात त्यांनी पहिला खटला घेतला. फी तीस रुपये. समोरच्या साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला उठले आणि डोकं गरगरलं, पाय लटपटले, एक प्रश्न सुचेना. खाली बसले, फी परत केली आणि सांगितलं, पटेलांना वकील द्या. हे सगळं त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलंय. ते पटेल वेगळे, बरं का. आपले पटेल तेव्हा शाळेत होते. त्या पटेलांनी एक्कावन्न रुपये घेतले. कुठली तार नाही, घरी सगळं क्षेम, तरी एका बॅरिस्टराला एक प्रश्न विचारता आला नाही. आणि खिशात ती तार घेऊन दुसरा प्रश्नामागून प्रश्न विचारत राहिला. यात मोठा कोण, हा सवाल नाही. तीस रुपये परत करणाऱ्यानंही अशिलाचंच हित पाहिलं. ‘माझ्यानं होत नाही’ हे कबूल करून तो उठला, आणि ‘हे माझ्याशिवाय दुसऱ्यानं होणार नाही’ हे ओळखून हा उभा राहिला.

दुसरा आरोप जड आहे. या गोष्टीत वकील आहे, साक्षीदार आहे, आरोपी आहे, कोर्ट आहे, तार आणून देणारासुद्धा आहे. जी गेली ती कुठे आहे? शाळेत गोष्ट सांगताना गुरुजींनी तिचं नाव सांगितल्याचं तुम्हाला आठवतं? तिचं नाव झवेरबा. मुंबईच्या इस्पितळात तिच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली होती. मागं पाच वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. नवऱ्याची कर्तव्यनिष्ठा सिद्ध व्हावी, म्हणून तिनं गोष्टीत येऊन मरायचं, एवढंच तिच्या वाट्याला आलेलं काम. आपल्या थोर पुरुषांच्या गोष्टींतून बायकांना बहुधा असलंच काम असतं.

इंग्लंडात १८२० साली राणी कॅरोलाइनच्या बाजूनं उभं राहताना ब्रूम नावाच्या नामांकित वकिलानं सांगितलं होतं, की वकील आपलं काम करत असताना त्याला साऱ्या जगात एकच माणूस ठाऊक असतो, तो म्हणजे त्याचा अशील. वाक्य भारी आहे. पण ते वकिलाच्या बायकोनं वाचलं तर तिला काय वाटेल, याचा विचार ब्रूमसाहेबांनी केलेला दिसत नाही. जगात एकच माणूस ठाऊक आणि तो मी नव्हे, हे ऐकून कोणती बायको दुपारचा डबा भरून देईल?

इथं प्लीडरचा बचाव काय असेल, यावर मी पुष्कळ डोकं खाजवलं. मला सुचला तो असा. तार हातात पडली तेव्हा मुंबईत जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं. वल्लभभाई त्या क्षणी कोर्टातून धावत सुटले असते, तरी झवेरबांसाठी करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पिंजऱ्यातल्या माणसासाठी मात्र होतं. तीच तार ‘प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा’ अशी असती आणि ती त्यांनी खिशात घातली असती, तर मी या खटल्यात फिर्यादीच्या बाजूनं उभा राहिलो असतो, पुढे ते सरदार होवोत नाहीतर आणखी कोणी. दुःख थांबू शकतं. पाच वाजता कोर्ट उठलं तरी ते दाराशी उभं असतं. त्याला कुठं जायचं नसतं. ज्याला थांबता येतं त्याला थांबवलं आणि ज्याला थांबता येत नव्हतं त्याचं काम आधी केलं, असा तो हिशेब होता. म्हणून माझ्या लेखी आरोपी निर्दोष. आता हा निकाल मी इतकी वर्षं तारीख घेत घेत, चहा पीत दिलाय. त्यांना तो उभ्या उभ्या, घडी घालायला लागतो तेवढ्या वेळात द्यावा लागला.

पण गुरुजींचं ते फळ्यावरचं तात्पर्य मात्र मी रद्द करतो. ‘कर्तव्य श्रेष्ठ’ हे वाक्य फार पसरट आहे. त्याच्या आडोशाला वाटेल तो येऊन बसतो. बापाचं श्राद्ध चुकवून हिशेब तपासत बसणारा हेडक्लार्क स्वतःला पटेल समजतो. मुलाला ताप असताना विक्रीच्या मीटिंगला जाणारा आणि त्याबद्दल साहेबाची शाबासकी घेणारा स्वतःला पटेल समजतो. ‘आमच्या साहेबांच्या घरी असं झालं, तरी ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर!’ असं कौतुकानं सांगणारे आणि त्या जोरावर इतरांच्या रजेचे अर्ज परत पाठवणारेही मी पाहिले आहेत. त्यांना एवढंच विचारावं, की साहेब, तुमच्यासमोर कुणाची मान होती? समोर होती ती फाइल. फाइल फासावर जात नाही. ती मंगळवारी नाही तर गुरुवारी पुढे सरकते आणि आपण मेल्यानंतरही सरकत राहते.

तारेची गोष्ट सांगायचीच, तर तीत मान आणि फाइल यांतला फरक सांगितला पाहिजे. नाहीतर धनी लोकांनी नोकरांना सांगायची ती एक फार सोयीची गोष्ट होऊन बसते.

तार आता राहिली नाही. आपल्या सरकारनं २०१३ च्या जुलैत ती सेवाच बंद केली. तारवाला दारात दिसला की उघडण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची, तो जमाना गेला. आता खिशात फोन थरथरतो आणि दिवसातून दहादा आपण त्याच्यावर तळहात ठेवून म्हणतो, “जरा कामात आहे.” प्रत्येक वेळी आपणही एक तार खिशात घालत असतो. ती कसली हे मात्र आपण वाचलेलंसुद्धा नसतं. प्लीडरनं निदान वाचून मग खिशात घातली होती. काय बाजूला ठेवतोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

आणि गोष्ट कोर्ट उठल्यावर संपवू नये, असं माझं गुरुजींना सांगणं आहे. वल्लभभाईंनी पुन्हा लग्न केलं नाही. तेहतिसाव्या वर्षी, दोन लहान मुलं पदरात असताना, तेही त्या काळात, जेव्हा तेराव्यालाच स्थळं सांगून यायची. पुढे इंग्लंडला गेले, १९१३ साली बॅरिस्टर होऊन आले, अहमदाबादेत नाव आणि पैसा मिळवला आणि मग ती वकिलीही देशापायी सोडून दिली. घर मात्र पुन्हा मांडलं नाही. ते तारेमुळेच, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या मनाची उलटतपासणी घ्यायचा अधिकार मला नाही. पण ज्यांना त्या दिवशीच्या कोर्टात डोळ्यांत पाणी दिसलं नाही म्हणून दगड दिसला, त्यांनी पुढची एक्केचाळीस वर्षंही पुराव्यात वाचावीत, एवढीच विनंती.